एका डोशासाठी एक तास

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास माटुंग्याच्या किंग्ज सर्कलपाशी, म्हणजे आताच्या महेश्वरी उद्यानापाशी, एखादा परगावचा माणूस उतरला तर त्याला वाटेल की येथे कसल्या तरी परीक्षेचा निकाल लागायचा आहे. भाऊ दाजी रस्त्यावर पन्नास-साठ माणसे उभी असतात. म्हातारे असतात, कडेवर मुले घेतलेल्या बाया असतात, कॉलेजची पोरे तर असतातच. एक गृहस्थ हातात वही घेऊन नावे लिहीत असतो, आणि मधूनच नाव पुकारतो. नाव पुकारले गेले की त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो पहिल्या वर्गात पास झालेल्याच्या चेहऱ्यावरही मी पाहिलेला नाही. निकाल कसलाही नसतो. आत जाऊन डोसा खायचा असतो. हे कॅफे मद्रास. 1940 सालापासून ते येथे आहे.

गेल्या सत्रात आम्ही तीन मैत्रिणी तेथे गेलो, नाव लिहिले, आणि एक तास पाच मिनिटे उभ्या राहिलो. दुसऱ्या दिवशी वर्गात ही गोष्ट निघाली तेव्हा अर्थशास्त्राच्या आमच्या सरांनी हसत हसत एक वाक्य टाकले. ते म्हणाले, "रांग ही नेहमी कुठेतरी काहीतरी बिघडल्याची खूण असते. एक तर भाव वाढवा, नाहीतर जागा वाढवा. दोन्ही करत नसेल तो दुकानदार आळशी, आणि उभे राहणारे तुम्ही बिनकामाचे." वर्ग हसला, मीही हसले. सरांविषयी मला आदर आहे, तरी त्यांचे हे म्हणणे मला पटलेले नाही. म्हणून हा लेख.

सरांचा पहिला उपाय भाव वाढवण्याचा. तेथून सुरुवात करते, कारण माझ्या मते सगळे त्यात आहे. आम्ही तिघींनी मिळून एक रसम इडली, एक नाचणीचा डोसा, एक नीर डोसा आणि तीन फिल्टर कॉफ्या घेतल्या. पाचशेची नोट दिली आणि त्यातून थोडे परत आले. आता समजा, मालकाने सरांचे ऐकून उद्यापासून प्रत्येक जिन्नसाचा भाव तिप्पट केला. एका रविवारात रांग नाहीशी होईल, वहीवाला गृहस्थ रिकामा बसेल, आणि आम्ही तिघीही त्या फूटपाथवरून नाहीशा होऊ. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला कदाचित सुधारणा म्हणत असतील. पण रांग मोडली म्हणजे नेमके काय झाले? ज्यांच्या खिशात कमी आहे ते गेले आणि ज्यांच्या खिशात जास्त आहे ते बसले, एवढेच झाले. म्हणजे दारापुढची ही रांग हा एका अर्थी न वाढवलेला भाव आहे. मालकाने जो भाव पैशात घेतला नाही तो तो आपल्याकडून वेळात घेतो. आमच्यासारख्यांकडे पैसे नाहीत, पण रविवारची सकाळ आहे. तेव्हा हा सौदा आमच्या सोयीचा आहे, आणि तो मोडावा असे मला वाटत नाही.

भाव खाली दाबून धरायचा आणि चवही राखायची, हे सोपे नसते हेही येथे सांगितले पाहिजे. बंगळूरचे मावळ्ळी टिफिन रूम्स, ज्याला सगळे एम.टी.आर. म्हणतात, ते 1924 सालचे. तेथेही लोक तासन्‌तास बसून राहतात. 1975 साली आणीबाणी आली तेव्हा सरकारने हॉटेलांतल्या पदार्थांचे भाव उतरवायला लावले. त्या भावात पूर्वीचा दर्जा राखणे एम.टी.आर.ला परवडेना. दर्जा उतरवण्यापेक्षा त्यांनी हॉटेल बंद ठेवले आणि इडलीचे, रव्याचे तयार पीठ पुड्यांतून विकायला सुरुवात केली. आज आपल्या किराणा दुकानात त्यांच्या ज्या पुड्या दिसतात त्यांच्यामागे हे आहे. म्हणजे स्वस्ताईची सक्ती केली की खाणावळ बंद पडते, आणि भाव मोकाट सोडला की गिऱ्हाईक बाहेर पडते. या दोहोंच्या मधे कुठेतरी, मालकाने आपण होऊन राखलेल्या भावात, ही रांग उभी असते.

दुसरा उपाय जागा वाढवण्याचा. हा मला अधिक गंभीरपणे घ्यावासा वाटतो. पण ज्याने घरी इडलीचे पीठ घातले आहे त्याला एक गोष्ट ठाऊक असते. तांदूळ आणि उडदाची डाळ आदल्या दिवशी भिजवावी लागते, संध्याकाळी वाटावी लागते, आणि रात्रभर ते फुगून यावे लागते. थंडीत उशीर लागतो, पावसाळ्यात कधी भलतेच आंबते. रविवारी सकाळी दहाला दारात शंभर माणसे आली म्हणून पीठ शंभर माणसांचे होत नाही. ते शनिवारी ठरलेले असते. डोसा तर तव्यावर एकेक करून घालावा लागतो. तवा अमुक इतका लांब, त्यावर अमुक इतकेच डोसे. मोठी जागा घ्या, चार शाखा काढा, तर चार ठिकाणी तव्यापाशी तसा हात असलेला माणूस उभा करावा लागेल. असे हात दुकानात विकत मिळत नाहीत. शाखा काढून ज्यांची चव टिकली अशी ठिकाणे नाहीत असे नाही; पण शाखा काढून जे ओळखू येईनासे झाले अशांची नावे प्रत्येक वाचकाला त्याच्या त्याच्या गावातली आठवतील. मी देत नाही.

याच संदर्भात दूरचे एक उदाहरण देते. इटलीतील नेपल्स शहरात दा मिकेले नावाचे पिझ्झाचे दुकान आहे, 1870 साली सुरू झालेले. पिझ्झा हा आपल्याकडे आता कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारा आणि पन्नास प्रकारांचा पदार्थ झाला आहे. पण या दुकानाची कीर्ती वर्षानुवर्षे दोनच प्रकारांवर उभी राहिली. एक मारिनारा, म्हणजे टोमॅटो, लसूण आणि ओव्यासारख्या वासाचा एक पाला. दुसरा मार्गारिटा, म्हणजे टोमॅटो, चीज आणि तुळशीची पाने. गिऱ्हाइकाने दारात नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर रस्त्यावर थांबायचे. 2017 साली युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला मानवजातीच्या वारशात नोंदवली. गंमत अशी की तेथेही पिठाचेच राज्य आहे. पीठ मळून तासन्‌तास फुगू द्यावे लागते. भट्टीत मात्र पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात होतो. आपल्या डोशाचेही गणित तेच. खाणाऱ्याला तव्यावरची दोन मिनिटे दिसतात, आदली रात्र दिसत नाही. मग तो म्हणतो, एवढ्याशा गोष्टीला एवढा वेळ का?

दा मिकेलेविषयी आणखी एक गोष्ट सांगायची म्हणजे 2010 साली एका अमेरिकन चित्रपटात नटी ज्युलिया रॉबर्ट्‌स तेथे बसून पिझ्झा खाताना दाखवली गेली, आणि त्यानंतर परदेशी पाहुण्यांची तेथे रीघ लागली. हा रांगेचा दुसरा चेहरा आहे, आणि त्याबद्दल मला फारसे प्रेम नाही. रांग पाहून रांग वाढते. किंग्ज सर्कललाही रांगेतले निम्मे लोक मोबाईलवर रांगेचाच फोटो काढत होते. आमच्या पुढचे एक जोडपे डोसा आल्यावर त्याच्याकडे सहा मिनिटे निरनिराळ्या कोनांतून पाहत होते. तोवर डोसा मऊ पडला. बाहेर साठ माणसे उभी असताना आत निवणारा डोसा पाहणे मला जिवावर आले. असो.

आता रांगेचे जे खरे दुखणे आहे त्याकडे येते. वर मी म्हटले की आमच्याकडे पैसे नाहीत पण वेळ आहे. हे विद्यार्थ्यांच्या बाबतीत खरे. सगळ्यांच्या बाबतीत नाही. माझी आई सकाळी दादर-माटुंग्याच्या चार घरी पोळ्याभाजी करते. रविवारीही करते, रविवारी तर पाहुण्यांच्या जास्तीच्या पोळ्या असतात. कॅफे मद्रासवरून ती कित्येक वर्षे रोज जाते-येते. आत कधी गेलेली नाही. मी तिला म्हटले, चल एकदा, माझ्याकडे शिष्यवृत्तीचे पैसे आहेत. ती म्हणाली, "पैसे देऊन वर रांगेत उभं राहायचं? अगं, अर्धी उमर रॉकेलच्या नि नळाच्या रांगेत गेली माझी. आता हौसेनं उभी राहू होय?"

या वाक्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हते. तिच्या हिशेबात एक तास म्हणजे एका घरच्या पोळ्या. ज्याच्या तासाला असा रोख भाव आहे त्याला तासभर उभे राहण्याचा डोसा फारच महाग पडतो. डोशाच्या किमतीवर तेवढी मजुरी बुडते. ज्याचा तास फुकट आहे, किंवा ज्याचा पगार रविवारी घरी बसूनही चालू असतो, त्यालाच ही रांग स्वस्त. म्हणजे भाव पैशात घ्या की वेळात घ्या, काही माणसे दोन्हीकडून बाहेरच राहतात. सरांच्या विरुद्ध मी जो युक्तिवाद केला त्याला हे भोक आहे, आणि ते माझ्या घरातूनच पडले आहे.

पण आईच्या बोलण्यात आणखीही काही आहे. मुंबईत 1943 साली, महायुद्धाच्या दिवसांत, रेशनिंग आले. तेव्हापासून या शहरातल्या कष्टकरी बायकांचे आयुष्य धान्याच्या, साखरेच्या, रॉकेलच्या, पाण्याच्या रांगांतून गेले. त्या रांगेतही भाव खाली ठेवलेला होता, म्हणून ती रांग होती. त्या अर्थी ती आणि डोशाची रांग सख्ख्या बहिणी. तरी दोघींत फरक आहे. डोशाच्या रांगेत पाय दुखले तर आम्ही निघून समोरच्या गाडीवर वडापाव खाऊ शकत होतो. रॉकेलच्या रांगेतून निघून जाणारीच्या घरी त्या रात्री स्टोव्ह पेटत नसे. आम्ही ताटकळलो ते आमच्या मर्जीने, आणि म्हणून आम्हाला ते ताटकळणे सहलीसारखे वाटले. आईच्या पिढीने त्या दोन रांगांत भेद करावा अशी अपेक्षा धरणे हे मला थोडे शहाणपणा मिरवण्यासारखे वाटते. तेव्हा मी तिला पुन्हा आग्रह केला नाही. एक रसम इडली बांधून मात्र घेतली. पार्सलची रांग वेगळी असते आणि ती लवकर सरते. आईचे मत: "रसम बरं आहे. चिंच जरा कमी पडली."

मग एवढे सगळे मान्य करून मी त्या वहीची बाजू का घेते? त्याचे कारण त्या तासाभरात माझ्या लक्षात आले. वहीत नाव आणि माणसांची संख्या, एवढेच लिहितात. आमच्यामागून एक मोटार आली, त्यातून एक वजनदार दिसणारे गृहस्थ उतरले, वहीवाल्याशी इंग्रजीत काही बोलले. त्याने मान डोलावली, त्यांचे नाव आमच्या खाली लिहिले, आणि ते गृहस्थ आमच्याशेजारी फूटपाथवर उभे राहिले. एवढीच घटना. परंतु आपल्या देशात हॉटेलच्या दारात कोण कुठे उभा राहतो ही गोष्ट लहान कधीच नव्हती.

इतिहासाच्या तासाला आपण महाडचे चवदार तळे शिकतो, 1927 सालचे. हॉटेलाच्या कपबशीचा इतिहास मात्र फारसा शिकवत नाहीत. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानल्या गेलेल्या गृहस्थाने चहाचे हॉटेल काढले तेव्हा त्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. शाहू महाराजांनी आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवून चहा मागवला, स्वतः प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावला. राजाला जे करावे लागले यावरून गोष्ट केवढी होती ते कळते. उडुपी हॉटेलांचा स्वतःचा इतिहासही या बाबतीत निर्मळ नाही. दक्षिणेत अनेक हॉटेलांत ब्राह्मणांची बसायची जागा वेगळी असे, पाटीवर तसे लिहिलेले असे. मद्रासमधल्या एका कॅफेच्या पाटीवरून 'ब्राह्मण' हा शब्द काढावा म्हणून 1957 साली, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दहा वर्षे झाल्यावरही, पेरियार रामस्वामींच्या अनुयायांना आंदोलन करावे लागले. आणि हे सारे चालू असताना आपल्या संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही असे लिहिलेले होते. 1955 साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदाही झाला. संविधानकारांना देशाच्या मूलभूत हक्कांत उपाहारगृहाचा स्वतंत्र उल्लेख करावासा वाटला, हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला चकित व्हायला झाले होते. आता होत नाही.

जन्मस्थानावरून आठवले. माटुंगा हे दाक्षिणात्यांचे का, तर 1896 च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टने शहराची गर्दी फोडण्यासाठी दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या, आणि कचेऱ्यांत कारकुनी करायला आलेली तमिळ, मल्याळी, कानडी कुटुंबे तेथे राहायला आली. 1932 साली त्यांनी आपली शिक्षणसंस्था काढली. 1942 साली स्टेशनाजवळ रामा नायकांची केळीच्या पानावर जेवण वाढणारी खाणावळ निघाली. उडुपीकडून आलेली पोरे हॉटेलांत दिवसभर कपबशा विसळत आणि रात्री कन्नड रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक होत. 1966 साली शिवसेना निघाली आणि पहिल्या काही वर्षांत याच लोकांविरुद्ध मराठी तरुण रस्त्यावर आले, उडुपी हॉटेलांवर दगडही पडले. त्या तरुणांची बेकारी खोटी नव्हती. पण रात्रशाळेत जाणारा कपबशीवाला पोऱ्या हा त्यांचा शत्रू होता, हे मला मान्य होणार नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच आहे. त्या पोऱ्याची मॅट्रिक काय भावाने झाली असेल याचा अंदाज मी करू शकते. आज त्याच फूटपाथवर रविवारी माझ्या पुढे देशपांडे होते, मागे एक गुजराती कुटुंब, आणि वहीवाला सर्वांची नावे सारख्याच चुका करून पुकारत होता.

तेव्हा तिसरा उपाय जो आमच्या वर्गातल्या काहींनी सुचवला, की मोबाईलवरून आधी टेबल राखून ठेवण्याची सोय करावी, त्याला माझा सरळ विरोध आहे. ज्याच्याजवळ चांगला फोन आणि आठवडाभर आधी रविवार ठरवण्याइतके निवांत आयुष्य, त्याला टेबल; आणि जो चालत आला तो दारात. वहीपुढे मोटारवाले गृहस्थ आमच्याशेजारी उभे राहिले. फोनपुढे ते आम्हाला दिसलेही नसते.

रांग जशी आहे तशीच राहावी असे मात्र मला म्हणायचे नाही. आमच्यापुढे सत्तरीच्या आजीबाई होत्या, त्यांना दुसऱ्या दुकानाच्या पायरीवर टेकावे लागले. अशा जुन्या ठिकाणांच्या मालकांनी दारात दोन बाकडी आणि पिण्याच्या पाण्याचा एक माठ ठेवला तर फार खर्च येणार नाही. कोणता जिन्नस संपला ते बाहेरच फळ्यावर लिहावे, म्हणजे त्याच्याचसाठी आलेला माणूस तासभर फुकट उभा राहणार नाही. वाढणाऱ्या मंडळींचाही विचार व्हावा; बाहेर रांग असली की आतल्या वेटरला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि त्याची रांग तर सकाळपासून रात्रीपर्यंत संपतच नाही. गर्दीच्या दिवसाची जास्तीची मजुरी त्याला मिळायला हवी. राहता राहिलो आपण खाणारे. कॉफी संपल्यावर ग्लास पुढ्यात धरून गप्पा मारत बसू नये, चौघांच्या टेबलावर दोघे असाल तर अनोळखी माणसाला शेजारी बसू द्यावे. आणि ज्यांना खरोखर डोसाच खायचा आहे, त्यांनी मंगळवार-बुधवारचा चारचा तास बुडवावा (सर, क्षमा असावी). तेव्हा वहीची गरजही बहुधा पडत नाही. सोमवारी मात्र जाऊ नये, सोमवारी ते बंद असते.